गोळ्या बंद करू का, ताई?

पत्र

ताई, नमस्कार. मी धंदा करते. वय चौतीस. सात वर्षांपूर्वी एचआयव्हीच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाले, तेव्हापासून सरकारी एआरटी सेंटरच्या गोळ्या चालू आहेत, एक दिवस चुकवलेला नाही. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत रेड पडली. एका हवालदाराने माझी पेटी उपसली. त्यात गोळ्यांची बाटली आणि सेंटरचं पुस्तक होतं. त्याने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. म्हणाला, "तू माणसं मारतेस. रोग पसरवल्याची केस टाकतो तुझ्यावर, दहा वर्षं आत जाशील." पैसे दिले तेव्हा गेला. आता दर आठवड्याला येतो. आमच्या कोठ्याची घरवाली म्हणते, कागद फाडून टाक, सेंटरला जाऊच नको, पुरावाच नको. मी बाटलीवरचं लेबल खरवडून काढलं, गोळ्या पावडरच्या डब्यात भरल्या, पुस्तक मैत्रिणीकडे ठेवलं. सेंटरची तारीख परवा होती, गेले नाही. डब्यात सहा गोळ्या उरल्यात. गिऱ्हाइकाला मी आजाराचं सांगत नाही, पण कंडोमशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. मी गुन्हेगार आहे का? गोळ्या बंद करू का? गावाकडे आई आहे, मी पाठवते त्यावर तिचं घर चालतं. तिच्यापर्यंत जाईल का हे?

उत्तर

बाई, तुमचं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी डोळ्यांसमोर आल्या त्या सहा गोळ्या. हे उत्तर छापून यायला सहा दिवसांहून जास्त लागणार, म्हणून पत्राखालच्या नंबरवर मी त्याच संध्याकाळी फोन केला. उद्या सकाळी सेंटरला जा, तारीख चुकली म्हणून कुणी परत पाठवणार नाही, एवढंच बोलले. तुम्ही "बघते" म्हणालात. समुपदेशनाच्या खोलीत मी बरीच वर्षं काढली आहेत, "बघते"चा अर्थ मला चांगला कळतो. म्हणून तेच इथे पुन्हा, कारणांसकट लिहिते. तुमच्यासारखीच बाटली लपवून बसलेल्या आणखीही कुणी हे वाचत असतील.

गोळ्या बंद करायच्या नाहीत. एकही दिवस नाही.

घरवालीला वाटतं, बाटली हा तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. खरं तर उलटं आहे. रोज गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मशीनलाही तो सापडत नाही. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांत हे होतं. तसं झालं आणि गोळ्या चालू राहिल्या, की त्या माणसाकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही. युरोपात एका मोठ्या अभ्यासात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी आठशेहून जास्त जोडपी तपासली होती, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. कंडोमशिवाय झालेल्या अंदाजे ५८ हजार संबंधांत, गोळ्या नीट घेणाऱ्या जोडीदाराकडून झालेली लागण एकही नव्हती. आणि तुम्ही तर कंडोमही वापरता. हवालदार म्हणाला, तू माणसं मारतेस. मला तर असं दिसतं की सात वर्षं, रोज न चुकता, त्या सगळ्या पुरुषांना तुम्ही राखलंत. त्यांतल्या कितींनी स्वतःची तपासणी केली असेल, ते कुणी विचारत नाही.

गोळ्या थांबल्या तर काही आठवड्यांत विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. अर्धवट, कधी घेतल्या कधी नाही असं झालं, तर तो औषधाला दाद देईनासाही होऊ शकतो. म्हणजे पुरावा नको म्हणून गोळ्या सोडल्या, तर हवालदार ज्याचा आळ घेतोय तेच खरं व्हायची सोय होईल. तुमची तब्येत ढासळेल ती वेगळीच.

आणि त्या गोळ्या पावडरच्या डब्यातून काढा. बाटलीत जी छोटीशी पुडी असते ना, फेकून द्यावीशी वाटते ती, ती ओल शोषून घेण्यासाठी असते. डब्यात गोळ्या दमट होतात, पावडर लागते, औषधाचा भरवसा राहत नाही. सेंटरला नवी बाटली मिळेल. लेबल नको असेल तर बाटलीला कापड गुंडाळा, साध्या पिशवीत ठेवा, पण गोळ्या त्यांच्याच बाटलीत राहू द्या. आणि तब्येत स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, हेही तिथे विचारा. फेऱ्या कमी होतील.

आता कायदा. हा भाग जरा लांबेल, कारण तुम्हाला घाबरवलंय ते कायद्याचं नाव घेऊन.

आपल्या देशात एचआयव्ही असणं गुन्हा नाही. एचआयव्ही असताना धंदा करणं असा वेगळा गुन्हाही कुठल्या कायद्यात नाही. हवालदाराच्या डोक्यात जी कलमं असतील ती भारतीय न्याय संहितेतली २७१ आणि २७२, पूर्वीच्या दंडविधानात ती २६९ आणि २७० होती. जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरण्याची शक्यता आहे हे ठाऊक असताना हयगयीने काही केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दुष्ट हेतूने केलं तर दोन वर्षांपर्यंत. दोन्ही जामीनपात्र. दहा वर्षं कुठून आणली, त्यालाच ठाऊक. आणि या कलमांत सिद्ध करावं लागतं ते हे, की तुमच्या कृतीने संसर्ग पसरण्याची शक्यता होती. जी बाई कंडोम वापरते, गोळ्या घेते आणि जिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, मोजणीत सापडत नाही, तिच्याविरुद्ध हे कसं सिद्ध करणार? तुमचं सेंटरचं पुस्तक, त्यावरच्या दर महिन्याच्या नोंदी, व्हायरल लोडचा रिपोर्ट, हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. घरवाली जे फाडायला सांगते आहे, तेच वकील सगळ्यात आधी मागेल.

दुसरा कायदा आहे तो खास एचआयव्हीसाठीच केलेला, २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यातल्या काही गोष्टी तुमच्या मैत्रिणींनाही वाचून दाखवा. तुमच्या संमतीशिवाय तुमची एचआयव्ही तपासणी करता येत नाही, न्यायालयाचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. रेडनंतर सगळ्यांना दवाखान्यात नेलं तरी हे लागू आहे. तुम्ही पॉझिटिव्ह आहात की नाही हे सांगायची सक्तीही कुणी करू शकत नाही, तिथेही न्यायालयाचाच आदेश लागतो, हवालदाराचा हुकूम चालत नाही. पोलिसांच्या ताब्यात किंवा सरकारी गृहात असलात तरी उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. तेव्हा तसा प्रसंग आलाच तर पहिलं वाक्य हेच: "माझ्या रोजच्या गोळ्या आहेत, त्या मला मिळाल्या पाहिजेत." मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं की तिथेही हेच सांगा.

याच कायद्याचं कलम २२ तर माझ्या फार जवळचं आहे. एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेली कुठलीही गोष्ट गुन्हा ठरणार नाही, असं ते सांगतं. आणि हे समजावण्यासाठी कायद्याने जे उदाहरण दिलंय ते तुमचंच आहे. सेक्स वर्करला किंवा तिच्या गिऱ्हाइकाला कुणी कंडोम पुरवले, तर देणारा, ती आणि तो, तिघांपैकी कुणावरही त्यासाठी गुन्हा लावता येणार नाही, असं ते आहे. संसदेने केलेल्या कायद्यात सेक्स वर्कर आली आणि ती आरोपी म्हणून आली नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान बराच वेळ मिटलं नव्हतं.

आता तुमचा गिऱ्हाइकाला न सांगण्याचा प्रश्न. तो तुम्हाला रात्री झोपू देत नसणार, हे पत्राच्या ओळींवरून कळतं. कायद्याचं कलम १० म्हणतं की आपल्याला एचआयव्ही आहे हे ज्याला माहीत आहे त्याने दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी. धोका कमी करण्याचे उपाय वापरावेत किंवा आधी सांगावं. 'किंवा' हा शब्द लक्षात ठेवा. कंडोम आणि गोळ्या म्हणजे ती काळजीच. शिवाय, सांगितल्यामुळे मारहाण होईल, बाईला टाकून दिलं जाईल, तिच्या किंवा मुलाबाळांच्या जिवावर बेतेल अशी रास्त भीती असेल, तर शरीरसंबंधाच्या बाबतीत स्त्रीवर हे कलम लागू होत नाही, असंही तिथेच लिहिलंय. बंद खोलीत, नशेत असलेल्या अनोळखी माणसाला "मी पॉझिटिव्ह आहे" सांगून बघा, असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. कायदाही देत नाही.

पण एक सांगते, ते मोठ्या बहिणीच्या नात्याने. कंडोम फाटला तर गप्प राहू नका. त्या माणसाला "दवाखान्यात जाऊन ७२ तासांच्या आत औषध सुरू कर" एवढं सांगता येतं, स्वतःबद्दल एक शब्दही न बोलता. कंडोम फाटल्यावर कुणीही कुणालाही हे सांगावं. आणि गोळ्यांनी एचआयव्ही थांबतो, गरमी-परमा थांबत नाहीत, तेव्हा व्हायरल लोड कितीही चांगला असला तरी कंडोम सोडायचा नाही. तुमचा कुणी कायमचा माणूस असेल तर त्याची गोष्ट वेगळी. तुम्ही त्याच्याबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून मीही विचारत नाही. असला, तर सेंटरच्या समुपदेशकाला सोबत घेऊन बोला, एकटीने नको.

घरवालीने तुम्हाला मोबाइलवर काहीतरी दाखवल्याचं तुम्ही फोनवर म्हणालात, की बाहेरच्या देशांत पॉझिटिव्ह बाईला मोठी शिक्षा होते. तिचं अगदीच चूक नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९९१ पासून असा कायदा आहे. एरवी किरकोळ असलेला देहविक्रीचा गुन्हा, बाई पॉझिटिव्ह असली की तिथे मोठा होतो, मग कुणाला लागण झालेली असो वा नसो. पुढे तर अशा बायकांची नावं जन्मभरासाठी लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत घालू लागले. अखेर २०२३ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या न्याय खात्यानेच तपास करून सांगितलं की हा पॉझिटिव्ह लोकांशी भेदभाव आहे. ग्रीसमध्ये, अथेन्सला, २०१२ साली पोलिसांनी बायकांना धरून जबरदस्तीने तपासणी केली आणि ज्या पॉझिटिव्ह निघाल्या त्यांचे फोटो नावांसकट प्रसिद्ध केले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे आणि तीच मला सगळ्यात जास्त टोचते. असा कायदा शिक्षा कुणाला करतो? जिने तपासणी करून घेतली तिला. जिला माहीत आहे तिला. जी सेंटरला जाते, पुस्तकावर शिक्का घेते तिला. जिने तपासणी केलीच नाही ती मोकळी, कारण तिला ठाऊकच नव्हतं. जो पुरुष पैसे फेकून कंडोम नको म्हणतो तो तर मोकळाच. हे कळल्यावर तपासायला कोण जाईल? तुमच्या घरवालीने दोन मिनिटांत हाच हिशोब केला आणि तुम्हाला सांगितला. एका हवालदाराच्या धमकीने तारीख चुकते. कायद्यातच धमकी लिहिली तर किती बायकांच्या तारखा चुकत असतील?

आपणही यातून गेलोय. १९८६ साली भारतात पहिल्यांदा एचआयव्ही सापडला तो चेन्नईतल्या सेक्स वर्करांच्या रक्तात. त्या बायका तेव्हा सरकारी गृहात होत्या, आणि पुढे पॉझिटिव्ह निघालेल्या काहींना मुदत संपल्यावरही सोडलं नाही, न्यायालयात जावं लागलं. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला, त्याने रक्तदान केलं आणि रक्त पॉझिटिव्ह निघालं म्हणून, पोलिसांनी उचलून दोन महिन्यांहून जास्त कोंडून ठेवलं. तो सेक्स वर्कर नव्हता, गुन्हेगार नव्हता. आजचा कायदा असाच आला नाही, अशा माणसांनी भोगलं म्हणून आला.

तरी मी तुम्हाला सगळं आलबेल आहे असं सांगणार नाही. तुम्हाला खरा धोका आहे तो एचआयव्हीच्या कलमांचा नाही, १९५६ च्या जुन्या पिटा कायद्याचा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचा. स्वतःच्या मर्जीने धंदा करणं त्यात गुन्हा नाही, पण त्याच्या अवतीभवतीचं जवळजवळ सगळं गुन्हा आहे. उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा. मंदिर, शाळा, दवाखान्यापासून २०० मीटरच्या आत धंदा करणं गुन्हा. दोघींनी मिळून एका खोलीत, दोघींच्या कमाईसाठी केला तरी ती खोली कुंटणखाना. सज्ञान माणूस तुमच्या कमाईवर जगत असेल तर तोही आरोपी होऊ शकतो. म्हणजे तुमची आईसुद्धा. हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, पण माहीत असलेलं बरं, म्हणजे आईचं नाव, गाव, तुम्ही काय पाठवता, हे कुणाच्या प्रश्नाला सहज सांगून जाणार नाही. म्हातारी आई लेकीच्या पैशांवर जगते हा गुन्हा कसा असू शकतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

पण त्याच कायद्याने पोलिसांनाही बांधलंय. त्याखाली वॉरंटशिवाय अटक करायची तर विशेष पोलीस अधिकारी लागतो, निरीक्षकाच्या खालचा चालत नाही, नाहीतर त्याचा तसा हुकूम लागतो. झडतीला वस्तीतले दोन साक्षीदार लागतात, त्यात एक बाई. सोबत महिला पोलीस लागतात. एकटा हवालदार दर आठवड्याला येऊन पेटी उघडतो, ही रेड नाही, ही वसुली आहे. आणि १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोलिसांनी सेक्स वर्करशी सन्मानाने वागावं, शिवीगाळ-मारहाण करू नये, कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये, आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये. त्याआधी, २०२० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान बायकांना सोडताना म्हटलं होतं की आपलं काम निवडायचा हक्क सज्ञान स्त्रीला आहे.

आता तो पुन्हा आला तर काय? एकटीने हुज्जत घालू नका. दार उघडं ठेवा, दोघी-तिघींना बोलवा. त्याच्या छातीवरचं नाव लक्षात ठेवा. तो गेला की तारीख, वेळ, काय म्हणाला, किती घेतले, सगळं वहीत लिहा. मागच्या महिन्यातलं आठवतं तेही आजच लिहून काढा. पुस्तक त्याच्या हातात देऊ नका. "माझ्या वकिलांशी बोला" एवढं म्हणायला जमलं तर फार झालं.

आणि वकील खरंच मिळेल. कमाई कितीही असो, स्त्रीला सरकारतर्फे मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोनवर १५१०० लावला तरी चालतं. सगळ्यांसमोर त्याने जे म्हटलं त्यासाठी २०१७ च्या कायद्याचं कलम ४ लागतं का, तेही वकिलांना विचारा. पॉझिटिव्ह माणसाविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला त्यात तीन महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. पैसे घेतल्याची तक्रार लाचलुचपत विभागाकडे १०६४ वर करता येते. खटला झालाच, तर तुमचं खरं नाव लपवून तो चालवावा असं न्यायालयाला सांगण्याची सोय २०१७ च्याच कायद्यात आहे. आईपर्यंत बातमी जाऊ नये म्हणून वकिलांना पहिल्याच दिवशी हे मागायला सांगा.

तक्रार करायचीच असं मी म्हणत नाही. त्या गल्लीत तुम्ही राहता, मी नाही. तो चिडला तर पहिला फटका तुम्हाला बसेल. वस्तीत संस्थेची पीअर, म्हणजे धंद्यातलीच कार्यकर्ती, येत असेल तर तिच्याशी बोला, एकीपेक्षा दहाजणींनी मिळून ठाण्यात जाणं वेगळं असतं. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी नव्वदच्या दशकापासून हेच केलंय. एकीला धरलं की सगळ्या जायच्या. घाई नाही, वही भरत राहू द्या, ठरवायचं तेव्हा ती हाताशी असेल.

आधी मैत्रिणीकडून पुस्तक आणा आणि सेंटरला जा. जवळचं सेंटर आता नको वाटत असेल, तिथे कुणी ओळखीचं बघेल अशी भीती असेल, तर दुसऱ्या सेंटरला नाव बदली करून मिळतं. समुपदेशकाला रेडचं सांगा. शेवटचा व्हायरल लोड कधी झाला ते पुस्तकात बघा, वर्ष उलटलं असेल तर मागून घ्या, आणि रिपोर्टची एक प्रत वकिलांसाठी वेगळी ठेवा. काही अडलं तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

माझा नंबर तुमच्याकडे आहेच. जाऊन आलात की फोन करा. या वेळी मला "गेले होते" ऐकायचंय.